पाठीमागची धावपट्टी

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर चांगलीच रुसली. माळावरच्या एका लहानशा विमानविद्यालयात ती विमान चालवायला शिकत होती आणि तिचे वृद्ध गुरुजी रोज उड्डाणाआधी तिला धावपट्टीच्या टोकापलीकडच्या नांगरलेल्या रानातून पायी फिरवीत. “नांगराचे तास कोणत्या दिशेने गेलेत? बांध कुठे आहे? विहीर?” असे विचारीत. शेवटी ती वैतागून म्हणाली, “गुरुजी, मला आकाशात जायचंय. ढेकळं तुडवायची असती तर गावीच राहिले असते!”

“जा की आकाशात. आधी चाल तर खरी,” गुरुजी म्हणाले.

त्या विद्यालयात एक प्रथा होती. पहिले एकट्याचे उड्डाण करून जो सुखरूप उतरेल, त्याच्या डोक्यावर गुरूने बादलीभर पाणी ओतायचे. मग तो वैमानिक. त्या थंडगार पाण्यासाठी शिष्या आसुसली होती.

तो दिवस उजाडला. ती एकटी उडाली, धावपट्टी मागे पडली आणि विमान रानावर येते न येते तोच इंजिनाने आचके देऊन मान टाकली. शांतता अशी की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. पाठीमागे गुळगुळीत धावपट्टी होती, शाबासकी होती, बादली होती. तिचा हात वळूही लागला. पण वळायला उंची लागते आणि तीच तिच्यापाशी नव्हती. खालचे रान मात्र तिच्या पायांच्या ओळखीचे होते. तिने विमानाचे नाक सरळ ठेवले आणि तासांच्या रेषेने ते ढेकळांत उतरवले. पुढचे चाक मोडले, पंखा वाकला. ती धडधाकट बाहेर आली.

विद्यालयाचे संचालक आले ते तणतणतच. “धावपट्टी पाठीशी असताना रानात उतरलीस? नव्याकोऱ्या विमानाची वाट लावलीस! सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

तिची मान ताठ होती. “माफी नाही मागणार, साहेब. पुन्हा असं झालं, तर पुन्हा समोरच उतरेन.”

तेवढ्यात गुरुजी रान तुडवीत आले आणि हातातली भरलेली बादली त्यांनी तिच्या डोक्यावर रिकामी केली.

“हे काय, गुरुजी?” संचालक ओरडले. “हा मान सुखरूप उतरणाऱ्याचा. विमान बघा ते!”

“मी मुलगी बघतोय, साहेब,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “इंजिन गेलं, की पाठीमागची धावपट्टी फार गोड हाक मारते. ती ऐकून माझा एक गुणी शिष्य कमी उंचीवर वळला. वळताना वेग गेला आणि विमान दगडासारखं खाली आलं. चाक पुन्हा बसवता येतं. आज हिला माफी मागायला लावलीत, तर उद्याचं पोर तुमच्या धाकाने मागे वळेल. हिला काढायचं असेल, तर आधी मला काढा.”

संचालकांनी मोडक्या चाकाकडे पाहिले, मग त्या निथळणाऱ्या मुलीकडे. ती वेणी पिळत होती.

“साहेब,” तिने विचारले, “पुन्हा कधी उडायचं?”

“चाक बसलं की,” ते खाली पाहत म्हणाले.

मागची सोय खुणावू लागली, की आपणही आधी आपली उंची पाहावी.