काष्ठसिद्धाची बारा जनावरे

एका राज्यात हेमकला नावाची राणी होती. तिला जुन्या लाकडी जनावरांचा नाद, आणि नादही असा की राज्य गेले तरी चालेल, पण जनावर हातचे जाता कामा नये. काष्ठसिद्ध नावाच्या मांत्रिकाने शंभर वर्षांपूर्वी मुलांसाठी बारा जनावरे कोरली होती. त्यांतली नऊ राणीच्या कपाटात कुलूपबंद होती. अपुरा संच कोंडून ठेवणाऱ्याचे मूल लाकडाचे होईल, असा मांत्रिकाचा शाप होता. राणीला तो कळला तेव्हा पाच वर्षांच्या युवराजाचे पाय शिसवाचे झाले होते.

मांत्रिकाची म्हातारी साळुंकी खिडकीत येऊन म्हणाली, "बाराही एका रांगेत लाव. लाकूड ओठांशी पोचले, की उपाय नाही."

राणी तडक निघाली. हत्ती विहिरीतल्या यक्षिणीकडे होता. तिने केस मागितले, राणीने कापून दिले. उंट वारुळातल्या नागाकडे होता. त्याने झोप मागितली, तीही दिली. गेंडा डोंगरावरच्या गिधाडाकडे होता. ते म्हणाले, "माझी पिसे मोज." राणी पिसे मोजू लागली, पण डोळ्यांपुढे पोराची छाती, पोराचा गळा. दोनदा चुकली, दोनदा पहिल्यापासून मोजली.

ती परतली तेव्हा युवराजाची हनुवटी लाकडाची झाली होती. हत्तीचा कान कुरतडलेला, उंटाचे टवके उडालेले, गेंडा विटका. असली जनावरे मांडली तर मांत्रिक रागावेल, या भीतीने तिने चितारी बोलावून तिघांना घाईघाईने रंग देववला. मग बारा जनावरे रांगेत लागली. काहीच झाले नाही.

"ही तीन त्याची नव्हेत," साळुंकी म्हणाली. "तो आपली जनावरे मुलांच्या दातांवरून ओळखतो."

रंग अजून ओला होता. राणीने तो पदराने पुसला, नखांनी खरवडला. रंगाखालून एकेक खूण वर येऊ लागली. गेंड्याच्या पाठीवर दोन इवले दात उमटलेले दिसले आणि युवराजाने श्वास घेतला. हनुवटी, गळा, पाय, सारे मऊ झाले. राणी त्याला पोटाशी धरून पोटभर रडली.

युवराजाने तिच्या खांद्यावरून हात लांबवून गेंडा उचलला आणि त्याचे शिंग तोंडात घातले. शंभर वर्षांचे शिंग! राणीचा हात पुढे झाला, मग मागे आला.

"चाव, बाळा," ती म्हणाली.

पुढे त्या राज्यात सारे कुशल होते. जनावरांचे कान तेवढे शाबूत राहिले नाहीत.