ज्वरातला होकार

रोमचे राज्य होते आणि ख्रिस्ताचे नाव अजून फार थोड्यांच्या कानी पडले होते, त्या काळी एक वृद्ध धर्मप्रचारक थिओन नावाच्या शिष्यासह समुद्रकाठच्या एका नगरात येऊन राहिला. तिथल्या कालियास या धान्याच्या व्यापाऱ्याला हा नवा धर्म खपत नव्हता. त्याने दोघांना भर बाजारात दगड मारवले.

पुढे नगरात तापाची साथ आली. कालियास अंथरुणाला खिळला, तशी त्याची नोकरमाणसे आणि भाऊबंद घर सोडून पळाले. हे कळताच वृद्ध त्याच्या घरी गेला. थिओनही गेला, पण मनाविरुद्ध. दोघांनी रोग्याची घाण काढली, अंग पुसले, चमच्याचमच्याने पेज भरवली.

एके दुपारी कालियासने वृद्धाचा हात धरला. “मला तुमचा बाप्तिस्मा द्या. म्हणाल ते कबूल आहे.”

थिओन लगबगीने पाणी आणायला उठला. वृद्धाने त्याला थांबवले आणि रोग्याला सांगितले की आधी बरे व्हा, मग बोलू.

बाहेर येताच थिओनने विचारले, “आणि तो मेला तर?”

“तर त्याला देव सांभाळील. त्याची दया आपल्या हातच्या पाण्यावर अडून नाही.”

कालियास वाचला. हिंडूफिरू लागला, तो प्रथम गेला आपल्या जुन्या मंदिरात, नवस फेडायला. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून थिओन चरफडला. गुरूंवरचा रागही त्याने लपवला नाही.

वृद्ध शांतपणे म्हणाला, “बाळा, तो होकार त्याचा नव्हता, त्याच्या भयाचा होता. ताप उतरला, होकारही उतरला. तो आपण घेतला असता, तर दगड मारून माणूस नमवणाऱ्यात आणि आपल्यात अंतर काय राहिले असते? आपण निरोप्ये. निरोप द्यावा, उत्तराची वसुली करू नये.”

थिओनला हे पटले नाही. 

हिवाळ्यात साथ बंदराकडच्या वस्तीत शिरली. एका सकाळी कालियास जवाचे पोते खांद्यावर घेऊन गुरुशिष्यांच्या दारात उभा राहिला. कोणत्या घरात रोग्याजवळ कुणी नाही, एवढेच त्याने विचारले. थिओन त्याला वाट दाखवायला निघाला.

दोघे बंदराच्या वाटेला लागले. मग कालियास म्हणाला, “मी तुम्हाला दगड मारवले होते. तरी का आलात?”

थिओनजवळ त्यावर मोठे प्रवचन तयार होते. पण कालियासने विचारले होते तेवढेच त्याने सांगितले, “तुमच्याजवळ कुणी नव्हते म्हणून,” आणि बाकीचे, तो पुन्हा विचारील तेव्हासाठी ठेवले.