माघार कुणी घेतली

रानडुक्कर समोर आलं आन् जहागीरदारांची घोडी माघारी फिरली. चारचौघा शिकाऱ्यांत लाज गेली, म्हणून ते खाली उतरून तिला चाबकानं झोडपाय लागले. घोडी शिकारीत संगं आलेल्या सिदोजीनं शिंगरापासनं वाढवून त्यांना दिलेली. पर मोठ्याचा चाबूक वर असताना कुणी बोलायचं न्हाई, असा शिकारीचा रिवाज. सिदोजी दातओठ खात गप उभा ऱ्हायला.

हात दमल्यावर जहागीरदार म्हणाले, "शिकारीतनं जो पळंल, त्याला चाबूक. काय सिदोजी?"

"बराबर हाय, सरकार. पर हिचं तोंड लगामानं फाटलंय. मागं वढलं कुणी?"

जहागीरदारांच्या हातातला चाबूक गळला. बाकीचे शिकारी खाली बघाय लागले.

सिदोजीनं कुरवाळायला हात उचलला, तर घोडी अंग चोरून मागं सरली. आग लागो त्या रिवाजाला. पयला फटका पडला तवाच तोंड उघडायचं हुतं.