रिकाम्या हाताची भेट

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव आता त्याच्याच राज्यात कुणाला आठवत नाही. त्याच्या मुदपाकखान्यातल्या आमटीची आठवण मात्र अजून निघते. लहानांनो, थोरांनो, हे आधीच ध्यानात ठेवा. नावं पुसली जातात, चवी मागे राहतात.

मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर. तिथे भाकरी थापणारी सुंदराबाई वेगळी, मिठाई करणारा भानुशेट हलवाई वेगळा, तळणारे वेगळे, निवडणारे वेगळे. सगळ्यांच्या वर थोरले आचारी अंतोबा. आणि सगळ्यांच्या मागे, परसदाराजवळच्या पाट्यावर वाटण वाटणारी, खलात मसाला कुटणारी दुर्पता.

दुर्पताचा नवरा ऐन तारुण्यात गेला. तेव्हापासून ती एकटी राहायची आणि ताठ चालायची. कुणापुढे हात पसरायचा नाही, हा तिचा बाणा. कुणी उरलेली खीर पुढे केली तरी म्हणायची, "माझं जेवण झालंय." झालेलं नसायचं. पण मान खाली घालून गोड खाण्यापेक्षा मान वर ठेवून उपाशी झोपणं तिला सोपं जायचं. यात शहाणपण होतं असं नाही. पण तिच्यापाशी तेवढंच होतं, आणि ते तिनं जपलं होतं.

त्या मुदपाकखान्यात एक रीत होती. खंडेनवमीला प्रत्येकानं आपलं रोजचं हत्यार पुजायला मांडायचं. लाटणं, झारा, सांडशी, किसणी, जे असेल ते. पूजा झाली की सगळ्यांवर एक पांढरं कापड पसरायचं. मग एकेकानं कापडाखाली हात घालून हाताला लागेल ते हत्यार बाहेर काढायचं, कुणाचं आहे ते पाहायचं आणि गुपचूप कापडाखालीच एका कडेला परत ठेवायचं. ज्याचं हत्यार, त्याला आपण भेट द्यायची. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी साऱ्या चुली थंड करून सारवत. राजासुद्धा त्या दिवशी फळं खाई. त्याला म्हणत चुलींचा विसावा. भेटी त्या दिवशी द्यायच्या. नियम एकच होता. भेट नारळाहून महाग नको.

नियम चांगला होता. पण माणसाला चांगला नियम मोडायची खाज सुटते. आधी कुणी नारळाऐवजी पितळी डबी दिली. पुढच्या वर्षी डबीला लाज वाटावी असा तांब्या आला. मग भानुशेटनं चांदी आणली. ज्यांना परवडत नव्हतं ते विसाव्याच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहू लागले. भेटीचा दिवस होता, तो तोऱ्याचा दिवस झाला.

त्या वर्षी खंडेनवमीला दुर्पतानं कापडाखाली हात घातला, तर हाताला करवंटीची पळी लागली. लहानशी, लांब दांड्याची. अंतोबांची चव बघायची पळी ती. साऱ्या राज्यात प्रसिद्ध. नैवेद्य निघाला की अंतोबा ती कमरेची काढत, प्रत्येक पातेल्यात बुडवत, आणि मग म्हणत, "चिमूटभर." त्या चिमटीवर राजाचं जेवण उभं होतं.

दुर्पतानं पळी उलटसुलट केली आणि तिचा हात थांबला.

करवंटी रोज आमटीत बुडाली की तेलानं, हळदीनं काळीभोर, तुळतुळीत होते. ही पांढुरकी पडली होती. कोरडी. काठाला बारीक तडा गेलेला. तिनं ती नाकाशी नेली. ना हिंगाचा वास, ना कोकमाचा. नुसती धूळ.

तिनं पळी परत ठेवली, पण मन तिथेच राहिलं. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे आली. उन्हाळ्यात अंतोबांना मोठा ताप आला होता. त्यानंतर ते चव बघताना सगळ्यांकडे पाठ करत. मिरचीचा तिखटपणा लांबून वासावर सांगणारे अंतोबा हल्ली सहज बोलल्यासारखं तिलाच विचारत, "आज मिरची कशी निघाली गं?" श्रावणात बासुंदी बुडाला लागली, सगळ्यांनी नाकाला पदर लावले, आणि अंतोबा शेजारी उभे राहून ढवळत राहिले. आमटी दोनदा खारट गेली होती. देव काही बोलला नाही, पण राजा बोलला. पुन्हा असं झालं तर थोरल्या आचाऱ्यांनी आता घरी आराम करावा, असा निरोप आला होता.

अंतोबांची जीभ गेली होती. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? गवयाचा गळा गेला तर लोक हळहळतात. आचाऱ्याची जीभ गेली तर त्याची पळी दुसऱ्याच्या हाती देतात. अंतोबांना घरी कुणी नव्हतं. मुदपाकखाना हेच घर.

दसरा गेला, दिवाळी आली. दुर्पता वाटता वाटता विचार करत राहिली. ह्या माणसाला द्यायचं काय? पळीला तेल लावून द्यावं, तर कोरडी पळी हिनं पाहिली हे कळणार. तोंडाला चव यावी म्हणून आल्याचा पाक द्यावा, तर चार लोक विचारणार, कशासाठी? कानात जाऊन सांगावं की मला ठाऊक आहे, तर म्हातारा त्याच दिवशी पंचा खांद्यावर टाकून निघून जाईल. दुर्पताला हे पक्कं माहीत होतं, कारण तिच्याशी कुणी असं केलं असतं तर तीही निघून गेली असती. ताठ माणसाला ताठ माणूस कळतो.

त्यांना हवी होती एक जीभ. ती तिच्याकडे होती. पण द्यायची कशी, हे तिला फराळाची शेवटची चणाडाळ वाटताना सुचलं, आणि सुचलं तेव्हा तिचे हात पाट्यावर तसेच राहिले. कारण त्यात जे मोडणार होतं, ते तिचंच होतं.

चुलींचा विसावा उजाडला. सारवलेल्या चुलींवर रांगोळी, सगळे गोल करून बसलेले. भेटींना सुरुवात झाली. भानुशेटच्या हाताला दुर्पताच्या खलाचा बत्ता लागला होता. तो मोठ्या थाटात उठला आणि तिच्यापुढे चांदीचा करंडा ठेवला. नक्षीदार, घडीव. कुंकवाचा.

विधवा बाईला कुंकवाचा करंडा. भानुशेटच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्या मनात दुर्पताच नव्हती, एवढंच. सराफाकडे जाताना त्याला चांदी दिसली होती, बाई दिसली नव्हती. आता मात्र त्याचा चेहरा उतरला.

दुर्पतानं करंडा उचलला, झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाली, "झाकण घट्ट बसतंय, भानुशेट. हिंगाला बरं पडेल."

लोक हसले, भानुशेटही कसानुसा हसला, आणि वेळ निभावली.

मग दुर्पताची पाळी आली. ती उठली, अंतोबांसमोर गेली. तिच्या हातात काही नव्हतं. सुंदराबाईनं मान लांब करून तिच्या पदराआडही पाहिलं. तिथेही काही नव्हतं.

"अंतोबा," ती म्हणाली, "मी द्यायला काही आणलं नाही. मागायलाच आलेय."

"माग," अंतोबा म्हणाले.

"इतकी वर्षं वाटण वाटते, पण पातेल्यातलं ताजं कधी तोंडाला लागलं नाही. उद्यापासून नैवेद्य निघाला की मला प्रत्येक पातेल्यातलं पळीभर द्या. तुमच्या पळीनं, माझ्या ओंजळीत. वाढायच्या आधी." आणि तिनं हात पसरला.

त्या हाताकडे सगळे बघतच राहिले. मग कुजबूज सुरू झाली. सुंदराबाई म्हणाली, जन्मभर माझं जेवण झालंय म्हणणारीची भूक आज बाहेर आली. कुणी म्हणालं, भेटीच्या दिवशी उलट वसुली. दुर्पताचे कान तापले. पण तिनं हात मागे घेतला नाही.

अंतोबांनी आधी तिचा हात पाहिला. मग तिचे डोळे पाहिले. मग त्यांचा हात आपसूक कमरेच्या पळीवर गेला, आणि तिथल्या तड्यावर अंगठा थांबला.

"ये," शेवटी ते म्हणाले. "रोज ये. तू आल्याशिवाय मी पातेलं हलू देणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून रोज तोच प्रकार. नैवेद्य निघायचा, दुर्पता हात धुऊन ओंजळ पुढे करायची, अंतोबा पळीभर ओतायचे. ती चाखायची आणि काहीतरी खोड काढायची. कधी म्हणायची, मला बाई मीठ जरा पुढं लागतं. कधी म्हणायची, आज चिंचेनं दात आंबले. आणि सगळं जमलेलं असलं की नुसतं म्हणायची, "पोटाला बरं वाटलं." अंतोबा हसत म्हणायचे, फार नखरे हो हिचे, आणि चिमूटभर मीठ नाहीतर गुळाचा खडा टाकायचे.

मुदपाकखान्यात तिला खादाड नाव पडलं. राजाच्या आधी जेवणारी महाराणी, असंही म्हणत. दुर्पता ऐकायची आणि पाट्यावर जरा जोरात वरवंटा ओढायची. रात्री घरी गेल्यावर कधी रडायचीही. पण सकाळी ओंजळ पुढे.

मग राजाच्या लेकीचं लग्न आलं. गावोगावचे पाहुणे, पंगतीवर पंगती. गडबडीत आमटीत मीठ एकानं टाकलं, ते न कळून दुसऱ्यानंही टाकलं. पाट मांडले गेले, वाढपी पातेल्याला हात घालणार, तोच अंतोबांनी त्यांना अडवलं. "थांबा. आमची खादाड अजून यायची आहे."

दुर्पता धावत आली. ओंजळ भरली, चाखलं, आणि तिनं तोंड वाकडं केलं. "अंतोबा, आज माझ्या जिभेला काय झालंय कुणास ठाऊक. समुद्र प्यायल्यासारखं वाटतंय."

वाढपी हसले. अंतोबा हसले नाहीत. त्यांनी बाजूला ठेवलेलं बिनमिठाचं वरण अर्ध्याहून जास्त आत ओतलं, कोकमं टाकली, गूळ टाकला, एक उकळी आणली. पुन्हा पळी, पुन्हा ओंजळ.

"पोटाला बरं वाटलं," दुर्पता म्हणाली.

त्या दिवशी राजानं आमटी दोनदा मागून घेतली.

वर्ष फिरून पुन्हा चुलींचा विसावा आला. भेटी सुरू व्हायच्या आधीच सुंदराबाई म्हणाली, या वर्षी दुर्पता काय मागते ते आधी ऐकू या, म्हणजे आपापली गाठोडी सांभाळायला बरं. खूप हशा झाला. दुर्पता जमिनीकडे बघत बसली.

तेव्हा अंतोबा उठले. त्यांचेही हात रिकामेच होते.

"या खेपेला माझ्या हाताला हिचा बत्ता लागला," ते म्हणाले. "तेव्हा माझी भेट हिला. भेट म्हणजे दोन वाक्यं आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात तापानं माझी चव गेली, आणि ती अजून आलेली नाही. वर्षभर तुम्ही राजाला जे जेवू घातलंत ते हिच्या जिभेनं चाखलेलं आहे."

चुली थंड होत्या, तरी तिथे बसलेल्यांना चटका बसला. अंतोबांनी कमरेची पळी काढून सगळ्यांपुढे धरली. काळीभोर, तुळतुळीत. आमटीच्या वासाची.

"अंतोबा, कशाला बोललात," दुर्पता पुटपुटली. "आता तुमची जागा जाईल."

"तू माझी लाज झाकायला तुझी मान दिलीस," म्हातारा म्हणाला. "ती परत करायची तर माझ्यापाशी दुसरं काय होतं?"

सुंदराबाई उठली. दुर्पताजवळ येऊन बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेऊन बसून राहिली.

गोष्ट राजाच्या कानावर गेलीच. राजा खाण्याचा शौकीन होता, म्हणून अक्कल शाबूत होती. त्यानं निरोप पाठवला, हात एकाचा आणि जीभ दुसऱ्याची असली तरी माझं ताट एकच आहे, दोघंही आपापल्या जागी राहू देत. दुर्पताला मात्र ओंजळीऐवजी वाटी द्या.

वाटी आली. दुर्पता चाखायची ओंजळीतूनच.

भानुशेटनं त्यानंतर चांदी आणली नाही. पुढे एका वर्षी पुन्हा त्याला दुर्पताचा बत्ता लागला. दिवाळीभर तो परसदाराशी येऊन येऊन तिच्याकडे बघून जायचा. विसाव्याला त्यानं जुन्या धोतराची, आत भुस्सा भरलेली एक लहान गादी तिच्यापुढे ठेवली. पाट्याशी बसताना गुडघ्याखाली घ्यायला. स्वतः शिवलेली. टाके वेडेवाकडे होते.

नारळ त्याहून महाग पडला असता. दुर्पता ती शेवटपर्यंत वापरत होती. करंड्यात हिंग होता.

म्हणून सांगते, नीट ऐका: भेट द्यायची तर समोरच्याची उणीव डोळे उघडून बघावी, आणि ती भरताना चारचौघांत झाकूनही घ्यावी.