पांढऱ्या सदऱ्यातली सही

दादासाहेब मगदूम यांचा कापड रंगवण्याचा कारखाना होता, पण पंचक्रोशीत नाव होतं ते त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याचं. कारखान्याचं सांडपाणी ओढ्यात जायचं आणि ओढ्याला रंग येतो म्हणून वस्तीतल्या बायका भांडायला यायच्या. शेवटी दादासाहेबांनी एमबीएची मुलं सल्ल्याला बोलावली. सल्ला मात्र त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता.

"पाणी स्वच्छ आहे, एवढंच अहवालात लिहायचं. नाहीतर काम पूर्ण केल्याचं पत्र मिळणार नाही."

पत्र नाही तर परीक्षा नाही. मुलांनी माना खाली घातल्या. त्यांच्यातली शलाका तोडकर मात्र चहा पिता पिता सदराच न्याहाळत होती.

"साहेब, सदरा काय झकास आहे! धुता कुठं?"

दादासाहेब खुलले. "कोल्हापूरला. दर सोमवारी गाडी जाते. आमच्या बंगल्याच्या विहिरीला ओढ्याचाच पाझर. त्या पाण्यात पांढरं कापड महिन्यात गुलाबी पडतं!"

शलाकानं कप खाली ठेवला आणि वही उघडली.

"लिहिते, पाणी स्वच्छ आहे. पण अहवालावर तुमचीही सही लागते. ती महिन्यानं करा. तोवर हा सदरा घरच्या विहिरीवर धुवा आणि हाच घालून सहीला कॉलेजात या."

दादासाहेबांनी एकदा आपल्या बाहीकडे पाहिलं. मग मॅनेजरला हाक मारली.

"यांना पाणी शुद्ध करायच्या टाक्या दाखवा. बंद का आहेत, ते मी सांगतो."