दुखण्याची नावे

एकदा एका वृद्ध इंग्रजी शिक्षकाच्या दारी मालन नावाची परिचारिका आली. परदेशी रुग्णालयात जायचे तिचे स्वप्न इंग्रजी मुलाखतीत एकदा मोडले होते, आणि दुसरी, शेवटची संधी आठ दिवसांवर आली होती. तिने तीनशे क्रियापदे, त्यांची तिन्ही रूपे आणि समानार्थी शब्द वहीत उतरवून तोंडपाठ केले होते. पाठांतरात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण समोरच्याने साधे काही विचारले, की नेमके उत्तर सुचायचे नाही आणि पाठ केलेली यादीच तोंडातून बाहेर पडायची.

गुरुजींनी वही चाळली. हर्ट, थ्रॉब, स्टिंग, तिन्हींपुढे एकच अर्थ होता: दुखणे. त्यांनी वही कपाटावर टाकली, आत जाऊन पायाला पंचा गुंडाळून आले आणि पाय दुखतो आहे, आज शिकवणी नाही, असे सांगून खुर्चीत बसले.

मालन मनातून चिडली. हाती आठच दिवस, आणि गुरुजींचा पाय नेमका आजच दुखायचा होता. पण रुग्णसेवेची बारा वर्षांची सवय तिला गप्प बसू देईना. तिने खाली बसून विचारले, "ठसठसतोय का चुरचुरतोय?"

"दोन्ही दुखणंच. काय फरक पडतो?"

"असं कसं, गुरुजी? ठसठसत असेल तर आत पू धरला असेल. चुरचुरत असेल तर नुसतं खरचटलंय. आणि कालपासून ठसठसतोय, की काल ठसठसत होता नि आता थांबलाय, तेही सांगा. औषध त्यावर ठरतं."

तिने पंचा सोडला. पाय धडधाकट होता.

गुरुजी म्हणाले, "तू आत्ता विचारलंस, तेच त्या वहीत आहे. ठसठसणं म्हणजे थ्रॉब, चुरचुरणं म्हणजे स्टिंग. समानार्थी शब्द म्हणजे एका वॉर्डातले रुग्ण. खाटा शेजारी, दुखणं निराळं. आणि क्रियापदाचं रूप म्हणजे दुखणं कधी सुरू झालं, गेलं की अजून आहे, याची खबर. मराठीत हे तुला रुग्णांनी शिकवलं. इंग्रजी शब्दही त्यांच्याच खाटांपाशी नेऊन ठेव."

आठ दिवस मालन वॉर्डात प्रत्येक कण्हण्यासाठी नेमके इंग्रजी क्रियापद शोधत राहिली. मुलाखतीत परीक्षक बाईंनी रुग्णाचे सोंग घेतले आणि हात दुखतो, एवढेच म्हणाल्या. मागच्या खेपेस याच वाक्यावर मालनने अख्खी यादी म्हणून दाखवली होती. आता तिने खुर्ची पुढे ओढली आणि शांतपणे इंग्रजीत विचारले, ठणकतोय का, आणि कधीपासून?

बाईंनी पेन खाली ठेवले. सकाळपासून लिहून लिहून मनगट खरेच ठणकते आहे, असे त्या सोंग विसरून सांगू लागल्या.

मालन पेढे घेऊन गुरुजींकडे आली. वही मात्र तिने मागितली नाही.