माउलीच्या कमरेचा पट्टा

भाविकहो, अँडीज पर्वताच्या कुशीत चुकिमार्का नावाचे एक गाव होते. तेथील मठाच्या दारावर लिबोरिओ महाराज राहत. दारावर अशासाठी, की त्यांची आई तिथल्या मूळच्या केचुआ लोकांतली, आणि अशा आईच्या लेकराला पूर्ण दीक्षा द्यायची नाही असा मठाचा नियम होता. महाराजांची तक्रार नव्हती. "देव आतही आहे आणि बाहेरही. पण ऊन दारातच येतं," असे ते म्हणत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बटाट्याचे सार वाढीत.

त्या मुलखावर तीनशे वर्षे स्पेनच्या राजाचा अंमल होता. डोंगरातली चांदी जहाजे भरभरून स्पेनला जाई आणि तीच जहाजे परतताना साहेब भरून आणीत. अखेर लोक उठले. स्वातंत्र्याच्या फौजेने गावाजवळ एक लढाई जिंकली, आणि तिच्या सेनापतीने भक्तिभावाने देवळातल्या कृपामाउलीलाच, म्हणजे देवाच्या आईच्या मूर्तीलाच, आपली सरसेनापती नेमले. स्वतःचा निळा-पांढरा पट्टा त्याने तिच्या चरणी वाहिला.

माउलीला वस्त्रे नेसवण्याची सेवा मेल्चोरा नावाच्या केचुआ विधवेकडे होती. त्या वस्त्रांना पुरुषाने हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. मेल्चोराने दार लावून घेतले आणि पट्टा माउलीच्या कमरेला नीट बांधला.

पुढे ती फौज मागे हटली आणि राजाचा कप्तान बाल्तासार इरिगोयेन गावात शिरला. देवळात जाऊन पाहतो तो काय, साक्षात माउली बंडखोरांच्या गणवेशात! त्याने चौकात दवंडी पिटवली : ज्याचा या पट्ट्याशी संबंध दिसेल त्याला चौकशीविना गोळी घालावी. दुपारी कर्नलसाहेब येणार होते. त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवणे भाग होते.

"कोणी बांधला हा?" कप्तान गरजला. सारे गाव जमिनीकडे पाहू लागले.

"मी बांधला, साहेब," मेल्चोरा पुढे आली. "आईला दिलेली वस्तू आईला नको नेसवायला?"

"वा! देवाच्या आईला कपडे घालायला ही बया लागते!" कप्तानाने गर्दीतल्या महाराजांकडे बोट दाखवले. "आणि तिला लढायला कोण लागतं, हा दारावरचा सारवाला?"

शिपाई हसले. मेल्चोराचे हात बांधून तिला देवळाच्या भिंतीशी उभे केले. तिने महाराजांकडे पाहिले. "ताइता," ती म्हणाली, तिकडे बापाला ताइता म्हणतात, "ताइता, मी चुकले का?"

महाराज म्हणाले, "नाही, पोरी. उभी राहा." मग ते कप्तानाकडे वळले. "साहेब, पट्टा काढायचा तर हिलाच काढू द्या. आईच्या कमरेला आपण हात लावू नये."

"का? आई रागावेल?" असे म्हणून कप्तान देवळात शिरला आणि त्याने माउलीच्या कमरेवर तलवारीचे टोक टेकवले.

काय सांगावे! तलवारीखाली पट्टाच नव्हता.

"साहेब," मागून सार्जंट किरोगा अदबीने म्हणाला, "तो आपल्या कमरेला आहे."

खरोखरच होता! निळा, पांढरा, घट्ट. कप्तानाने ओढला, तो आणखी आवळला. तलवार चालवली, तलवारीला खाच पडली. इतक्यात खिंडीतून कर्नलच्या स्वारीचे ढोल ऐकू आले.

"किरोगा, त्या हुकमात..."

"पाहिलं, साहेब. कप्तानाला सूट असल्याचं लिहिलेलं नाही."

कप्तान धावत महाराजांकडे आला. "महाराज, सोडवा!"

"मला कुठली गाठ सुटणार, साहेब? मी सारवाला," महाराज म्हणाले. "तिला विचारा."

कप्तानाने स्वतःच्या हाताने मेल्चोराचे दोर सोडले. तिने मनगटे चोळली. आपल्याला मारायला निघालेल्या माणसाला तिने एकवार आपादमस्तक न्याहाळले, आणि माउलीचे स्मरण करून म्हणाली, "हात वर करा, साहेब. हलू नका. आई कधी हलत नाही."

कप्तान हलला नाही. तिने बोट घातले मात्र, गाठ लोण्यासारखी सुटली! घोडे चौकात येईतो पट्टा तिच्या घागऱ्याच्या ओच्यात गेला होता.

"गुन्हेगार कोण?" कर्नलने विचारले.

"कोणी नाही, कर्नलसाहेब," कप्तान म्हणाला. आयुष्यात प्रथमच त्याचा आवाज असा हळू निघाला होता. "हवालदिल गाव आहे. दवंडी मी मागे घेतो."

कर्नल पुढच्या गावाला निघून गेला. घोड्यांची धूळ बसली, तेव्हा कुठे चुकिमार्काने श्वास सोडला. कोणी हसू लागले, कोणी रडू लागले. कप्तान टोपी काढून महाराजांच्या पायांशी वाकला.

महाराज मागे सरकले. "माझ्या नको. तिच्या."

भाविकहो, राजाच्या कप्तानाने त्या केचुआ विधवेच्या पायांवर डोके ठेवले. मेल्चोरा अगदी ओशाळून गेली.

"उठा, साहेब," ती म्हणाली. "कोट घामाने पार भिजलाय. काढून द्या, वाळत घालते."